परिच्छेद एकतीस

निकाल एकशे बारा परिच्छेदांचा.
मला त्याची सारटीप करायची आहे, दोनशे शब्दांत,
शुक्रवारी पाचच्या आत.
चॅन्सरी लेनवर तिसऱ्या मजल्यावर केटल आणि मी.
कर्कब्राइड विरुद्ध पॅशली.
विषय : नऊ इंच जमीन
आणि तिच्यावर उभं असलेलं, आता नसलेलं,
हॉथॉर्नचं कुंपण. काटेरी. मे महिन्यात पांढरं व्हायचं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
लीड्सच्या त्या कोर्टाला पायरीच नाही,
व्हीलचेअरसाठी गुळगुळीत उतार आहे.
एनिड कर्कब्राइड, वय एक्याऐंशी,
त्या उतारावरून वर गेली
सुपरमार्केटच्या पिशवीत एकोणीस डायऱ्या घेऊन.
कुंपण कधी छाटलं, कुणी छाटलं,
शिडी कुणाची होती,
कोणत्या वर्षी साळुंकीएवढ्या कुठल्याशा पक्ष्यानं घरटं केलं
म्हणून जुलैपर्यंत कात्री लावली नाही.

पॅशलीकडे नकाशा होता.
जुना, लाल शाईचा.
आणि ती लाल रेघ, परिच्छेद चौदा सांगतो,
प्रमाण लावलं तर जमिनीवर दोन फूट रुंद भरते.
म्हणजे अख्खं भांडण रेघेच्या पोटात मावत होतं
आणि वर जागा उरत होती
दोघांच्या वकिलांना खुर्च्या टाकून बसायला.

खर्च एक लाख ऐंशी हजार पौंड.
इंचाला वीस हजार.
हा भागाकार निकालात नाही, माझा आहे.
सारटीपेत चालत नाही.

भाष्यकार खूश आहेत.
ब्रिस्टलचे एक प्राध्यापक लिहितात,
‘वाजवी समजुती’च्या कसोटीला अखेर धार आली :
जमीन आपलीच, असं दहा वर्षं मनापासून वाटलं
आणि ते वाटणं वाजवी असलं,
तर ती आपली होऊ शकते.
(मी हे वाक्य दोनदा वाचलं.
जमिनीशिवाय आणखी कशाला लागू पडतं का, म्हणून.)
एका बॅरिस्टर बाईंना मात्र
तिसऱ्या न्यायाधीशांचं भिन्न मतच जास्त पटतं.
त्यांच्या तळटीपा प्राध्यापकांच्या तळटीपांशी भांडतात.

परिच्छेद एकतीसबद्दल कुणीच लिहीत नाही.
तो एवढासाच :
‘उलटतपासणीत वादीने सांगितले की तिला जमीन नको आहे.
ती रुग्णालयात होती नेमके त्याच दिवशी
कुंपण का कापले,
हे प्रतिवादीने तिच्याकडे बघून सांगावे.
हा प्रश्न या न्यायालयापुढे नाही.’

आणि परिच्छेद बत्तीस :
‘प्रतिवादीने पाणी मागितले.’
बस्स.
तेहतीसपासून पुन्हा नकाशा.

न्यायमूर्तींनी ते पाणी का टिपलं असेल?
बारा दिवस सुनावणी, कितीजण पाणी प्यायले असतील.
मी साक्षीची नोंद मागवली, पान दोनशे चौदा शोधलं.
चार मिनिटं कामकाज थांबलं होतं.
त्या चार मिनिटांत कोण कुणाकडे बघत होतं
हे नोंदणारं यंत्र कुठल्याच कोर्टात बसवलेलं नाही.

हो, एनिड जिंकली. सांगायचं राहिलंच.
पॅशलीचं घर विक्रीला आहे.
जायच्या आधी त्यानं बेचाळीस रोपं लावून द्यायची, आदेशाप्रमाणे.
गुडघ्याएवढी, प्लॅस्टिकच्या नळीत एकेक.
पुरुषभर उंच व्हायला, तज्ज्ञ साक्षीदाराच्या मते,
दहा ते बारा वर्षं.
एनिडनं विसावी डायरी घेतली असेल का?

माझी सारटीप एकशे नव्याण्णव शब्दांची झाली.
एक शब्द शिल्लक.
मी ‘सीमाचिन्ह’च्या आधी ‘हॉथॉर्न’ लिहिलं
आणि पाचला दहा कमी असताना पाठवून दिलं.

सोमवारी संपादक अ‍ॅल्डर्सींकडून प्रत परत आली.
सगळं जसंच्या तसं.
फक्त हॉथॉर्न कापलं होतं.
कारण दिलेलं नाही.