बोट दिसत नाही

मंगळवारी चारला, मासळीच्या जुन्या लिलावघरात
सात खुर्च्या, सहा टॅब्लेट.
सातवा नगरपालिकेकडून येणार आहे,
ऑक्टोबरपासून येणारच आहे.
फरशी कितीही धुतली तरी पायाखाली
एखादा खवला चमकतोच.

गावातली बँक गेल्या वर्षी बंद झाली.
आता गालिसियाच्या या टोकाला एक व्हॅन येते, एक गुरुवार सोडून,
पाऊण तास थांबते, इंजिन चालूच ठेवते.
म्हणून ओब्दुलिया आली. हौस म्हणून नाही.
वय एक्क्याऐंशी, त्यातली साठ वर्षं धक्क्यावर,
मांडीवर जाळं, हातात सुई.

मी म्हटलं, हलकेच टेकवा.
तिनं पडदा असा दाबला
जसा मासा ताजा आहे का ते बघतात.
काही नाही.
तर्जनी, मधलं, अंगठा,
यंत्राला एकही बोट दिसेना.
पुन्हा प्रयत्न करा, ते म्हणालं, अगदी नम्रपणे,
बँकेतल्या त्या टायवाल्या पोरासारखं.

मी तिचा हात उलटा करून पाहिला.
दोरा ओढून ओढून रेषा पुसल्या गेलेल्या,
जुन्या नाण्यावरच्या राजासारख्या.
'ठसे?' ती म्हणाली. 'ते जाळ्यांबरोबर गेले.
बोटांवर नाहीत, बोटींवर शोध.'

मी विगोहून नोकरी गमावून परत आलेली,
सत्तावीस वर्षांची, आईच्या माळ्यावर राहणारी प्रशिक्षक.
माझ्या कागदावर लिहिलेलं: धडा पहिला, स्पर्श.
एलादिओला मी दोनदा बजावलं होतं
थुंकी लावून फोटो उलटायचे नाहीत,
हे पुस्तक नव्हे.
ओब्दुलियानं ते ऐकलं नसावं, किंवा ऐकलं असावं.
ओवण्याआधी दोऱ्याचं टोक ओलं करतात
तसं तिनं बोट जिभेला लावलं
आणि टेकवलं.

उघडलं.

एलादिओ खिडकीबाहेर बघत राहिला. फार सभ्य माणूस.

खात्यात तिच्या निळ्या वहीपेक्षा तीन युरो कमी.
'देखभाल शुल्क,' मी वाचून दाखवलं.
'कसली देखभाल? दाराला तर कुलूप आहे.'
मग तक्रार. चाळीस मिनिटं, एका बोटानं,
मध्येमध्ये जीभ.
सोळा ओळी झाल्या, त्यातल्या दोन
मी हातापाया पडून गाळायला लावल्या.

पाठवा म्हटल्यावर यंत्रानं विचारलं:
तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा.
ज्या चौकोनांत बोट दिसते ते सगळे निवडा.

नऊ चौकोन. सहाही जण खुर्च्या सरकवून जमले.
'ही बोट नाही, श्रीमंतांचं खेळणं आहे.'
'ही ट्रकवर चढवलीय, भंगारात चाललीय, हिला काय बोट म्हणायचं?'
'ही उपडी घातलीय, रंगवायला,' एर्मितास म्हणाली,
'पाण्यात नाही ती बोट नाही.'
'मग मी कोण?' एलादिओ म्हणाला.
अकरा वर्षं झाली त्याला समुद्रावर जाऊन.
कुणी काही बोललं नाही.
मग सगळे एकदम बोलले, भलत्याच विषयावर.

तीनदा चुकलं.
चुकलं म्हणजे बरोबर होतं, पण चुकलं.
चौथ्यांदा तिनं सगळ्यांना गप्प केलं,
बोट ओलं केलं
आणि खेळणं, भंगार, उपडी, सगळ्यांवर टेकवलं,
पाण्यात तरंगणाऱ्या त्या प्लास्टिकच्या बदकावरसुद्धा.

हिरवी खूण आली.

'बघ,' ती म्हणाली, शाल सावरत,
'खोटं बोलले तेव्हा त्याला पटलं
मी माणूस आहे म्हणून.'

रात्री माळ्यावर मी कागद काढला,
धडा पहिला खोडला, वर लिहिलं:
बोट ओलं करा.

तीन युरो अजून आलेले नाहीत.
सातवा टॅब्लेटही.