काडीमोड

बुटीबोरीच्या प्लांटवर सकाळी साडेसहाला
टँकर येतो. आज जांभळा.
कालचा मोरपंखी अजून पाइपात थोडा अडकलाय.
सोमा उइके बीकर भरून आणतो,
"घ्या मॅडम, आज वांग्याची भाजी."

मी फ्लास्कमध्ये मोजून पाच मिलिलिटर सोडते
पिवळट, ओलसर वासाचा एक रस.
पुस्तकात विकर, बिलात एन्झाइम,
सोमा म्हणतो, झाडाची लाळ.
त्याला हक्क आहे म्हणायचा.
वादळात पडलेल्या सालईच्या ओंडक्यावरची
कानाच्या पाळीसारखी बुरशी
त्यानंच आणली होती, डब्याच्या झाकणात.
अख्खं लाकूड जी सावकाश पचवते
ती रंगही खाईल, असं वाटलं होतं मला.
तिचा रस खात नाही काही.
नत्राच्या दोन अणूंमधली गाठ सोडवतो
आणि बाजूला होतो,
काडीमोड करून देणाऱ्या जाणत्या माणसासारखा.
चहा नाही, बिदागी नाही,
पुढच्या घरी जायला तयार.

बाहेर छेचाळीस. कुलरनं मान टाकलीय.
याला मात्र पन्नासपर्यंत चालतं.

माझे बाबा गोळीबार चौकात सूत रंगवायचे.
गिऱ्हाईक ओल्या बोटांत लच्छी चुरायचं,
विचारायचं, पक्का का?
बाबा नखं दाखवायचे.
तो निळा त्यांच्यासोबतच गेला, घाटावर.
उरलेलं पाणी नालीत, नाली नागनदीत,
आणि नदी पुढे कुठे जाते
हे आमच्या घरात कोणी विचारलं नाही.
आता मी पगार घेते
त्यांचा शब्द खोटा पाडायचा.

चार तासांनी जांभळा उतरतो,
भिजवलेल्या मनुकांचं पाणी होतो,
मग काहीच नाही.
सोमा फ्लास्कच्या आडून पेपरातलं राशिभविष्य वाचतो,
"अक्षर न् अक्षर दिसते! सोडू का आता?"
थांब.
दिसत नाही म्हणजे गेलं असं नसतं.
तुटलेले तुकडे आहेत आतच,
मीठ तर जसंच्या तसं.

टिपकागदावर दहा मूग ठेवले या पाण्यात,
दहा नळाच्या.
तिसऱ्या दिवशी नळाचे दहाही हसत होते.
इकडे सात.
सात! मी साहेबांना फोन लावायला निघाले.
सोमा वाकून बघतच राहिला,
"अन् हे तीन कायले नाही आले?"

रजिस्टरात, शेऱ्याच्या रकान्यात
मी ते तसंच उतरवलं,
त्याच्याच शब्दांत.
गेटवर टँकर हॉर्न देतोय.