जिन्याखालचा बुधला

प्रॉबर्ट म्हणाला, आधी सगळं धू.
मग परत धू. हात, बुधला, नळी, बूच.
झालं असं वाटलं की अजून एकदा.
सायडर बिघडते ती बहुतेक आळसानं,
उरलेली, सारखं बूच उघडून बघणाऱ्यांमुळे.

सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली मी.
धुणं मला शिकवू नकोस, म्हटलं.

सफरचंदं लेडबरीकडच्या बंद रुळांलगतची.
ते झाड कुणी लावलं, कुणाला ठाऊक नाही.
बहुधा डब्याच्या खिडकीतून
कुणीतरी गाभा फेकला असेल.
एक चावून पाहिलं:
जीभ कोरडी ठाक, गालफडं आत.
रस आंबायच्या आधी माझे दातच आंबले.
"हेच पाहिजे," प्रॉबर्ट खूश.
"गोड फळांची सायडर म्हणजे
बक्षीस समारंभातलं भाषण."

चार पोती. गवतावर पसरून ठेवली,
अंगठा रुतेपर्यंत.
मग बादलीत कुटली, कुंपणाच्या खांबानं.
दाबली. चोथा डुकरांना.
रस चहासारखा, बघता बघता गडद होत गेलेला.
बुधला भरला, वर चार बोटं मोकळी.

यीस्ट घातलं नाही.
सालीवरच असतं म्हणे,
न बोलावता आलेलं.

तीन दिवस काहीच नाही.
टॉर्च घेऊन जिन्याखाली वाकायचे,
तापातल्या मुलाच्या कपाळाला लावावा
तसा काचेला हात लावायचे.
चौथ्या रात्री नळीतल्या पाण्यात
डुबुक.
बऱ्याच वेळानं, डुबुक.

हे मी गेथिनला फोनवर सांगितलं नाही.
गेथिन चौदा महिने प्यायलेला नाही.
तो दिवसांत मोजतो.
नाताळला येणार होता.

"माझ्या गोठ्यात ठेव," प्रॉबर्ट म्हणाला,
"थंडीनं मध्येच थांबेल, पण लपेल तरी."
नाही ठेवला.
का, ते अजून सांगता येत नाही.
इतके दिवस ज्याची वाट पाहिली
ते दुसऱ्याच्या गोठ्यात कसं टाकायचं,
असं काहीसं.

रात्री दोनला उठले तर
गेथिन पायरीवर, अंगावर कोट.
"हे किती सेकंदांनी वाजतं, माहितीय?"
"नाही."
"एकोणीस. काल सतरा होते."
मी म्हटलं, सकाळी ओतून टाकते.
तो बोलला नाही.
मी दोन पायऱ्या वर बसले.
आम्ही मोजत राहिलो, ओठांतल्या ओठांत.
एकदा एकवीसपर्यंत गेलो.

सकाळी बूच त्यानंच काढलं,
तोंड दुसरीकडे करून.
बुधल्यावर माझा मलमलीचा फडका बांधला,
गाठ माझ्यापेक्षा घट्ट.
"हवा लागू दे. व्हिनेगर होईल.
कांदे घाल त्यात."

प्रॉबर्टनं ऐकलं आणि टोपी काढली,
मयताला काढतात तशी.

कांदे चांगले मुरलेत.
गेथिन दोन बरण्या घेऊन गेला,
आता तिसरी मागतोय.

एक पेला मात्र तो यायच्या आदल्या दिवशी
नळीनं ओढून काढला होता मी.
खिडकीशी उभी राहून, दिवा न लावता प्यायले.
कोवळी होती अजून, धारदार,
मागे जुन्या खोगिराचा जरासा वास.

चांगली झाली होती.
त्याला सांगेन हे कधीतरी.
या वर्षी नाही.