चेंबर नंबर तीन

तासगाव रोडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
पाळ्या मी लावते.
पहिली सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा,
एप्रिलात बेदाण्याची आवक वाढली की रात्रीची तिसरी.
चौदा माणसं, चार चेंबर, एक रजिस्टर.
कुणाची पाळी कधी, हे सगळे मला विचारतात
आणि माझी स्वतःची
जानेवारीत दोनदा आली, फेब्रुवारीत आलीच नाही,
मार्चात ऐन सौद्याच्या दिवशी
न सांगता हजर,
रजेवरून परतलेल्या ड्रायव्हरासारखी.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर
एक लांबलचक शब्द लिहिला.
त्याच्या पोटात निवृत्ती.
म्हटलं, बाई, या निवृत्तीला
शाल नाही, नारळ नाही,
दोन शब्द बोलायला कुणी साहेब नाही?
त्या हसल्या. म्हणाल्या, ती अजून आलेलीच नाही,
ही नुसती वाट आहे.
किती लांब?
चार वर्षं. सात. सांगता येत नाही.
आमच्याकडे गाडी अर्धा तास लेट झाली
तरी मी लेखी खुलासा मागते.

परवा मालकांसमोर आकडे सांगत होते,
हिरवा इतका, पिवळा इतका, काळा...
आणि छातीच्या मधोमध कुणीतरी
स्टोव्हला पंप मारला.
भडका गळ्याशी, कानांशी, केसांच्या मुळांशी.
चष्म्यावर वाफ धरली.
त्यातच जिभेवरचा शब्द गेला.
रोजचा. बावीस वर्षं तोंडात असलेला.
"ते... गार करणारं... खाली धडधडतं ते..."
"कॉम्प्रेसर," कुबेर म्हणाला, हळूच,
अडलेल्या पोराला उत्तर सांगावं तसं.
कुबेरला कामाला मी लावलंय.
व्हॉल्व्ह कुठल्या बाजूनं पिळायचा, मी शिकवलंय.
बाहेर आल्यावर त्याच्यावरच खेकसले,
झाडूवरून.
झाडू जागेवरच होता.

"चेंबर बघून येते," म्हटलं.
हल्ली दिवसातून चारदा म्हणते.
जाड दार, रबराचा सुस्कारा,
चार अंश.
सावळजच्या कुणा बागायतदाराच्या पेट्यांवर
बसले ओढणी बाजूला टाकून.
(द्राक्षाचा बेदाणा होतो, ही उपमा
मला कुणी देऊ नये.
इथं बसून चाळीस वेळा सुचलीय,
आणि दोन्हींचे भाव मला पाठ आहेत.)

थप्पीच्या पलीकडे कुणीतरी खोकलं.
शमशाद मुल्लाणी, ग्रेडिंगची.
स्कार्फ सैल, चपला काढून
तळपाय थेट फरशीला लावलेले.
एकमेकींनी चोरी पकडल्यासारख्या
बघत राहिलो.
"पेट्या मोजाय आल्ती, म्याडम."
"किती भरल्या?"
"तुमी मोजल्या तेवढ्याच."
हसलो तेव्हा दोघींच्या तोंडून वाफ निघाली.
ही वाफ गार होती.

सोमवारी रजिस्टरात नवा रकाना आखला:
चेंबर तपासणी. दहा मिनिटं. सही.
कारणाला जागाच ठेवली नाही.
मालकांना वाटतं, शिस्त वाढली.
पहिली सही माझी, दुसरी शमशादची,
तिसरी, हे मात्र अजिबात धरलं नव्हतं,
कुबेरची.
एकोणतीस वर्षांचा, काटक, त्याला कसली उष्णता?
घरून फोन आला की आत जातो.
येताना नाक लाल.
थंडीनंही होतं तसं.
मी विचारलं नाही.
झाडूचं माफ कर, एवढं म्हटलं.
"कुठला झाडू?" म्हणाला, आणि ट्रॉली ढकलत गेला.

आता पुढच्या आठवड्याच्या पाळ्या लावतेय.
तिसरीला एक माणूस कमी पडतंय.
पेन्सिलनं तिथं माझंच नाव घातलंय.
नाहीतरी पहाटे तीनला
मी जागीच असते.