डावा गाल, उजवा हात

फॉर्मलिनच्या बादलीतून काढला की
मस्तिष्कस्तंभ माझ्या मुठीत मावतो.
खाली लंबमज्जा, अंगठ्याहून बारीक,
वर सेतूचा फुगीर कंबरपट्टा,
आणि दोन्ही बाजूंना एकेक उंचवटा,
पुस्तकात ज्याला ऑलिव्ह म्हणतात.
ऑलिव्ह आमच्यात कुणी पाहिलेलं नाही.
मी पोरांना सांगते, जांभळाची आठोळी समजा,
खानापूरच्या बाजारातल्या.
ती तसंच लिहून घेतात.

शहापूरच्या भरमाकाकांना श्रावणात
पहाटे कढईपाशी गरगरलं.
चाळीस वर्षं कुंदा घोटणारा माणूस
डावीकडं कलला, भिंतीला लागला.
आवाज बसला.
डाव्या डोळ्याची पापणी
अर्ध्या ओढलेल्या शटरसारखी.
आणि उचकी. तीन दिवस उचकी.
भागूकाकू म्हणत राहिली,
कोण एवढी आठवण काढतंय यांची?

वॉर्डात धारवाडकडची रेसिडेंट पोरगी आली
दोन परीक्षानळ्या घेऊन,
एकीत चहाच्या किटलीतलं पाणी, एकीत बर्फाचं.
उजव्या हातावर टेकवली एक.
"बिसी? तण्णग?"
काका म्हणाले, "लागतंय की.
पण काय लागतंय ते कळंना."
डाव्या हाताला कळलं.
डाव्या गालाला नाही.
काकू माझ्याकडं वळली:
"अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं?
लकवासुद्धा एक बाजू धरून येतो की गं!"

केसपेपरच्या पाठीवर मी काढून दाखवलं.
हाताला चटका बसला की निरोप कण्यात शिरतो
आणि शिरल्याशिरल्याच बाजू बदलतो,
पलीकडच्या कडेनं वर चढतो.
नुसत्या स्पर्शाला घाई नसते.
तो आपल्याच बाजूनं सरळ येतो,
लंबमज्जेत पाचरीसारख्या गाठीशी थांबतो,
तिथून कमानीत वळून पलीकडं जातो,
मग मधल्या वाटेनं वर.
गालाचा निरोप तर उलटा,
सेतूत शिरतो आणि खाली उतरतो,
आपल्याच कडेनं, बराच,
आणि उशिरा ओलांडतो.
म्हणून इथं, या डाव्या कडेला,
तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत
डाव्या गालाची ऊब आणि उजव्या हाताचा चटका
एका भिंतीची बिऱ्हाडं.
तिथलाच नळ बंद झाला.

काकूनं कागद उलटा धरला, सुलटा धरला.
"म्हणजे सगळेच ओलांडतात?"
सगळेच. कुणी लवकर, कुणी उशिरा.
"मग पहिल्यापासनं त्याच बाजूला का नाही राहिले?"
वीस वर्षं शिकवते मी.
हा प्रश्न पेपरात आलेला नाही.
खिडकीखाली निपाणीची गाडी उभी होती,
पाटीवर तेच गाव दोनदा, दोन लिप्यांत.
कंडक्टर दोन्हींकडं पाठ करून
सुट्टे मोजत होता.

दसऱ्याला काका दुकानात परतले.
पहिल्याच आठवड्यात उजव्या पंजावर फोड.
आधी काकूच्या नाकाला कळला, मग त्यांच्या डोळ्यांना,
हाताला अजून कळायचाच आहे.
आता त्या मनगटाला लाल दोरा आहे.
कुणी विचारलं, नवस केला काय,
तर म्हणतात, नाही, हा साक्षीदार फितूर आहे.
घोटायला उजवा, विचारायला डावा.
साखर कधी तांबूस होते ते मात्र
पूर्वीसारखं वासावरनंच.
चव बघताना कण उजव्या गालफडात सरकवतात.
डावीकडं गोडही म्हणे लांबनं येतं.

काल संध्याकाळी वर्ग सुटल्यावर गेले.
उलथन्याच्या टोकावर थोडा पुढं केला.
मी बोटानं घेतला आणि हात झटकला,
आई गं, म्हटलं,
मान आखडून मागं झाले.
काकांनी ते सगळं नीट पाहिलं,
माझा हात, माझा चेहरा,
जसं मी पोरांना बघायला सांगते.
मग त्या बसक्या आवाजात,
अर्धी पापणी उचलून:
"बिसी?"