पाणसळ

दिवाळे जेट्टीवर उतरलो तेव्हा सुकती लागली होती
आणि हसुराम तांडेलाची बोट चिखलात एका कुशीवर पडलेली.
मी सतरा वर्षं सीवूड्सच्या टॉवरांत मॉड्युलर किचनं बसवली,
बाविसाव्या मजल्यावर,
जिथे भिंत निदान भिंतीसारखी उभी असते.
इथेही सवयीने पिशवीतून पाणसळ काढली, आडव्या फळीवर ठेवली.
बुडबुडा टोकाला जाऊन बसला, रुसल्यासारखा.
तांडेल म्हणाला, "थांब जरा. पानी येव दे."

पाणी आलं. बुडबुडा मधे आला.
शेजारून एक होडी गेली,
आणि तो पुन्हा निघाला फिरायला.

बत्तीस वर्षांची बोट.
वांक शाबूत, सांध्यांतला काथ्या मात्र भुसा झालेला.
एक खण बर्फाचा, एक मासळीचा,
आणि मधल्या अंधारात
सहा खलाशांनी आळीपाळीने झोपायची एकच फळी,
पाठी घासून घासून पोळपाटासारखी गुळगुळीत.

आता जाळ्यात पिशव्याच जास्त येतात.
लोक येतात ते रोहित बघायला, लांब नळ्यांचे कॅमेरे घेऊन.
बोट यापुढे भाविका चालवणार, तांडेलाची धाकटी.
तिने मोबाइलवर यादी दाखवली:
रेक्झिनच्या गाद्या, एलईडी पट्टी,
चार्जिंगचे चार पॉइंट, छोटा फ्रिज,
आणि सगळ्यात खाली
संडास.

"आमी इतकी वरसं काय करत व्हतो?"
"तुम्ही काठावर उभे राहायचात, बाबा.
मी कुठे उभी राहू?"

जेट्टीवर जाळं सांधणारे दोघे
एकदम फार मन लावून सांधू लागले.

जागा एकच होती, सुकाणूच्या पाठचा कोपरा.
तिथे देवीची तसबीर, तेलकट, एक कड पाण्याने फुगलेली,
खिळ्याला सुकलेला हार.
मी माप घेतलं. अडीच बाय तीन.
पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदाही तेवढंच भरलं.
कुणी काही बोललं नाही, म्हणून मी जेवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर कोपरा मोकळा.
तसबीर पुढच्या काचेला,
तोंड बाहेर, खाडीकडे.
तांडेल सदऱ्याने काच पुसत होता.
"तिला बगू दे समोरचं," म्हणाला,
"आजवर बिचारी आमच्या पाठीच बगत आली."

सव्वा महिना लागला.
मला वाटलं होतं पंधरा दिवस.
बोटीत एकही रेघ सरळ नाही,
प्रत्येक प्लाय पुठ्ठ्याचा साचा कापून बसवावा लागतो;
कोपरे गोल, नाहीतर लाटेत कपाळ फुटतं;
ड्रॉवर आधी उचलायचा, मग ओढायचा,
नाहीतर उधाणात सगळे चमचे बाहेर.
हे मला तांडेलाने शिकवलं,
ज्याच्या घरी, मला वाटतं, एकही ड्रॉवर नसावा.

वास तेवढा गेला नाही.
रंधा मारला, सोडा फिरवला, पॉलिशचे तीन हात दिले;
दुपारी ऊन तापलं की लाकडातून बोंबील उठतोच.
भाविका म्हणाली, "असू दे.
त्याचे पैसे नका लावू म्हणजे झालं."

संडासाचं दार मी त्या झोपायच्या फळीचं केलं.
विचारलं नाही कुणाला.
आतून पितळी कडी.
पहिल्या दिवशी भाविका आत गेली, कडी लावली.
एवढासा आवाज, पण जेट्टीपर्यंत ऐकू गेला.
तांडेलाने उगाचच इंजिन सुरू केलं.

परवा सीवूड्सला नवीन काम.
ओट्याखाली ड्रॉवर बसवला, बाई ओढतात तर उघडेना.
"आधी उचला," मी म्हणालो.
"का?"
काय सांगणार. काढून दुसरा लावून दिला.

मग ग्रॅनाइटवर पाणसळ ठेवली.
बुडबुडा मधोमध. हलेना.
मी थोडा वेळ वाट बघितली.