सव्वाशेवा भाग

बिजासनच्या टेकडीवर, देवळामागे,
करवंट्यांचा ढीग पडतो तिथून
अख्खी धावपट्टी दिसते.
पोह्यांची पुडी गुडघ्यावर. शेव वाऱ्यानं उडते.
मोठ्या विमानांकडे मी कॅमेरा वळवत नाही,
त्यांचे फोटो कंपनीवाले काढतात.

मला हवं असतं ते दोन माणसांचं,
शिवणयंत्रासारखं किरकिरत येणारं
फ्लाइंग क्लबचं म्हातारं सेस्ना,
शेपटीपाशी रंगाचे पोपडे सुटलेलं.

रामबागेत आमचा स्टुडिओ होता.
हनुवटी वर. श्वास धरा. हलू नका.
वडील म्हणायचे, मग तीस वर्षं मी म्हणालो,
पासपोर्टाला, स्थळांकडे पाठवायच्या फोटोला,
आणि पुढे हार घालायला उपयोगी पडेल अशा फोटोला,
जो कुणीच त्यासाठी म्हणून काढत नाही.

विमानाचं उलटं.
शटर चपळ ठेवलं, सेकंदाचा हजारावा भाग,
तर पंख्याची दोन्ही पाती स्वच्छ, थांबलेली दिसतात
आणि विमान हवेतच गतप्राण.
पहिल्या वर्षी मी अशी सत्तरेक विमानं मारली.
शिधये कॅप्टननी प्रिंट पाहून चष्मा काढला.
"भिया, इंजिन बंद पडलंय माझं.
हे आमच्या आईला दाखवू नका."

मग शिकलो. सव्वाशेवा भाग.
पंख्याचं धुकं व्हावं,
बाकी रिव्हेट, नंबर, काचेतला चेहरा
कोरून काढल्यासारखा.
त्यासाठी आपणही कमरेतून वळायचं, त्याच्याच वेगानं,
श्वास सोडत.
दहातले नऊ तरी फुकट जातात.

शाल्मली पागे, लोकमान्य नगर, वय एकोणीस,
पहिल्यांदा एकटी निघाली
त्या दिवशी मला आत सोडलं होतं, हँगरपाशी.
शेजारची खुर्ची रिकामी,
म्हणून विमान रोजच्यापेक्षा आधीच उठलं.
लेन्समध्ये तिचे ओठ हलताना दिसले.
देवाचं काही असेल, वाटलं.

उतरल्यावर पोरांनी बादली उपडी केली डोक्यावर.
निथळत ती पंखाखाली उभी राहिली,
हनुवटी वर, श्वास धरून, थेट पासपोर्ट.
म्हटलं, हल की जरा. वर काय पुटपुटत होतीस?
"वेग. पन्नास, पंचावन्न, साठ.
सर नसले की कुणीतरी मोठ्यानं म्हणायला नको?"

तिचे अकरा फोटो आले. चांगले आले.
बारावा शिधयेंचा, चुकून, पाठमोरा.
डोळ्यांच्या तपासणीत नापास होऊन दोन वर्षं झालेली,
हँगरच्या सावलीत, हात कमरेवर, मान तिच्याकडे.
सगळे कसे स्थिर, सावलीसुद्धा.
फक्त उजवा बूट धूसर.
उड्डाणाला उजवा पाय दाबावा लागतो, नाहीतर नाक डावीकडे जातं,
हे त्यांनीच सांगितलेलं.

प्रिंट मोठी करून दिली.
बराच वेळ धरून ठेवली त्यांनी, उन्हाकडे तिरपी.
मग म्हणाले, फोकस चुकलाय तुमचा,
आणि खिशात घातली.